डबल बेल

आवाज तसा मोठा नव्हता.
वाळलेली तुरीची शेंग बोटांत मोडावी, तेवढाच.
सिंहगडाच्या मागच्या अंगाला, चाळीस फुटांवर,
डावा पाय हवेत, उजवा हात कपारीत कोपरापर्यंत,
आणि मी, बेचाळीस वर्षांची, नववीला विज्ञान शिकवणारी,
कातळाकडे अजून एक वीत मागत होते.
खालून झेलमने दोर ताणला. "काय झालं गं?"
"काही नाही."
ते काही नाही
मला पुढे तीन महिने पुरलं.

डॉक्टरांनी कागदावर लाडू काढला, खाली उथळ वाटी.
म्हणाले, खांदा म्हणजे एवढंच.
लाडू मोठा, वाटी लहान, भोवती चार दोऱ्या.
त्यातली एक अर्धी तुटलीय.
मी "अर्धी" हा शब्द घेऊन घरी आले
आणि उशाशी ठेवला.

आता केस नवरा बांधतो,
महिन्याची रद्दी सुतळीने बांधावी तसे.
जिऱ्याचा डबा खालच्या फळीवर उतरलाय.
वर्गात फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच असतो.
नववी ब ला वाटतं, मी तिथे काहीतरी राखून ठेवलंय.
खडू तोच. कातळावर हात कोरडे ठेवायला
कमरेच्या पिशवीत असतो तो दुसरा,
पण बोटांना फरक कळत नाही,
ती अजून पांढरी झाली की वर बघतात.

पौड रस्त्याला, फरसाणच्या दुकानावर, पहिला मजला.
भिंतीवर लाकडाची एक अरुंद शिडी, चोवीस खाचांची,
फक्त बोटांनी चढायची.
मी दहाव्या खाचेवर घामाघूम.
शेजारच्या शिडीवर रंगनाथ काकडे,
एसटीचे कंडक्टर, स्वारगेट डेपो, निवृत्त,
एकतीस वर्षं घंटीची दोरी ओढली, आता खांदा गोठलाय.
नवव्या खाचेवरून विचारतात,
"कड्याला लोंबकळता म्हणे. कशापायी?"
"वर जायला."
"वर गाडी जाते की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मदीहा फिजिओ आहे, माझ्या निम्म्या वयाची.
म्हणते, ओढ बसली तर थांबायचं नाही,
दुखलं तर थांबायचं.
मी म्हटलं, मला तर दोन्ही सारखंच लागतं.
वीस वर्षं मी दुखण्याला ओढच म्हणत आले,
आणि लोक त्याला जिद्द म्हणाले,
ढालही दिली एकदा, शोकेसमध्ये आहे.
काकडे मध्येच बोलले,
"अहो, ती सिंगल बेल. वाजली की थांबायचं.
कोण उतरतंय ते उतरू द्यायचं.
ड्रायव्हर घाई करतो, त्याला काय दिसतंय मागचं?"

त्या दिवशी मी अकराव्या खाचेवर थांबले.
खरंच थांबले. कोण उतरलं ते सांगता येणार नाही,
पण आत थोडी जागा झाली.
मागून ते म्हणाले, "टिंग टिंग."
बोट बाराव्यावर गेलं.

मग आमचं हेच चालू झालं.
ते चढताना मी घंटी, मी चढताना ते.
झेलमनेसुद्धा माझा दोर इतका लक्ष देऊन
धरला नसेल. हे तिला सांगितलं नाही.

परवापासून ते येत नाहीत.
मदीहा म्हणाली, त्यांची वीस सत्रं संपली,
स्वतःच्या हाताने सदरा घालून गेले.
रिकाम्या शिडीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातलाय.

झेलम रविवारी निघाली. "नुसती ये, खाली बस."
नाही गेले. गच्चीवर कपडे काढायला गेले, एका हाताने.
दक्षिणेला गडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा लागला होता.
उजवा हात उचलला, खांद्याच्या रेषेपर्यंत आला,
जरा वर,
मग आत कुठेतरी
एकदाच वाजलं.

थांबलेय.
कपडे अजून दोरीवर आहेत.