अनुभवाचा रकाना

जानेवारीत मेन राज्याच्या या टोकाला
चारलाच अंधारतं.
मी स्टोव्हमध्ये एक ओंडका सारते
आणि फाइली काढते.
प्रमाणित वन्यजीवतज्ज्ञ होऊ पाहणारे बावीस जण
स्वयंपाकघराच्या टेबलावर,
नावं काळ्या शाईखाली.

प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, कायदा.
श्रेयांक मोजायचे. मग अनुभव:
पदवीनंतरची पाच वर्षं.
आधीचं काही धरायचं नाही
असं आम्हीच ठरवलं. मीही हात वर केला होता,
बँगोरच्या एका हॉटेलात, जेवणाआधी.
भूक लागली होती सगळ्यांना.

सतरावी फाइल.
'नऊ हिवाळे मूसच्या अंगावरच्या गोचिडी मोजल्या.
कातडं चौकोनांत आखून, हाताने.
एका वासरावर सत्तेचाळीस हजार दोनशे सहा.'
त्या सहावरून ओळखलं.
दुसऱ्या कुणीही दोनशेवर थांबून
हात धुतले असते.

ऑरेल थिबोडो.
नऊपैकी सात हिवाळे पदवीच्या आधीचे.
तेव्हा तो माझा मदतनीस, ताशी सव्वासहा डॉलर.
त्यातल्या तिसऱ्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा
तो पोटावर आडवा झाला, कुऱ्हाडीचा दांडा पुढे केला
आणि मी बाहेर येईपर्यंत
चर्चमधल्या एकेका भांड्याचं नाव घेऊन
फ्रेंचमध्ये शिव्या देत राहिला.

हे फाइलीत नाही.
'क्षेत्रकार्यातील सुरक्षितता' असा रकाना आहे,
त्यात लिहिलंय: मूलभूत.

नियमावर बोट ठेवावं म्हणतात.
हे माझं बोट. याचं टोक
त्या तळ्याने ठेवून घेतलं.
सात हिवाळे झाकायला ते ठेवून पाहिलं,
पुरलं नाही.

वनस्पतिशास्त्रातही तीन श्रेयांक कमी.
मूस डहाळी ओरबाडतो, तिला दशा राहतात;
ससा तीच तिरकी छाटतो, सुरीने कापल्यासारखी.
हे मला त्याने दाखवलं.
माझे श्रेयांक तेव्हा
पुरून उरत होते.

नववं कलम:
अर्जदार ओळखीचा निघाल्यास फाइल परत करावी.
कारण द्यावं. कारणाला अर्ध्या इंचाची ओळ.
'ओळख' लिहिलं.
मग समासात, बारीक अक्षरात:
'हिवाळे नऊच आहेत. मी होते तिथे.'

पाकीट चिकटवलं.
चहा केला, प्यायला विसरले.
पाकीट फोडलं.
नवा फॉर्म घेतला आणि नुसतं 'ओळख' लिहिलं,
समास कोरा.
त्यालाच चाललं नसतं.
थंडीने बोटं वळत नसतानाही
एक गोचीड जास्तीची लिहिली नाही त्याने कधी,
आणि मी लिहिली
तर पान माझ्यासमोर धरून उभा राहायचा,
काही न बोलता.

अठरावी फाइल.
कासवांवर आहे.