ड्रम

एकावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली, रुवीत.
लाल पट्ट्यांची शिकाऊ गाडी, शेजारी जुवैना,
तिच्या मांडीवर खजुरांचा डबा
आणि तोंडात एकच शब्द: शुवय्या, शुवय्या.
हळू गं, हळू.

बावीस वर्षं हेच चालवायचे.
शुक्रवारी दुपारी तीनला निघायचं.
कॅम्पच्या फाटकाशी सामसनमामा, इस्त्रीच्या शर्टात,
पुढे डोर्कसबाई, मांडीवर ढोलकी,
मग गावाकडून नवा आलेला कुणी ना कुणी पोरगा
ज्याला स्वतःचं आडनाव अजून अरबीत ओळखता येत नाही.
सात जागांत नऊ जण.
पोलिस दिसला की मागचे दोघं खाली वाकायचे
आणि हे म्हणायचे, वाकलाच आहात तर प्रार्थना उरकून घ्या.

आमच्या मंडळीला साडेतीन ते पाच मिळतात.
आधी फिलिपिनो, मागून तमिळ.
क्रूस तोच, खुर्च्या तेवढ्या फिरतात.
सलाम आम्ही जालन्याहूनच घेऊन निघालो होतो,
विमानतळावर उतरलो तर तो आमच्याआधी पोचलेला.

मग शुगरनं यांचे डोळे खाल्ले.
आधी उजवा. मग डाव्यातला अर्धा.
दवाखान्यातून आल्यावर यांनी किल्ली
काही न बोलता माझ्या पर्समध्ये टाकली.
गाडीवर धूळ बसत गेली.
तिच्यावर कुणी बोटानं क्रूस काढला,
कुणी फुटबॉल क्लबचं नाव.

इथली परीक्षा अशी:
लोखंडी ड्रम उभे, मधून गाडी मागे न्यायची.
चार वेळा ड्रम पडला.
चौथ्यांदा तर आवाजही ओळखीचा वाटला.
लहानपणी ऐकलेली ती बाई आठवायची,
मागे वळून पाहिलं आणि मिठाची झाली.
माझी तर परीक्षाच मागे बघण्याची,
आरशात, खांद्यावरून, पुन्हा आरशात,
आणि तरी मीठ व्हायचं नाही.
पंचेचाळीस डिग्रीत
ब्लाउजच्या पाठीवर थोडं झालंच.

उपासनेत विनंत्या विचारतात.
कुणाचा व्हिसा, कुणाची अवघडलेली सून,
सामसनमामांचा तीन महिन्यांचा थकलेला पगार.
मी तोंड उघडलं नाही.
देवाला काय ड्रम सांगायचे?
डोर्कसबाईंनीच सांगून टाकलं, भर मंडळीत.
आणि मामा उठले, डोळे मिटून म्हणाले,
बापा, हिच्या डाव्या चाकाकडं लक्ष असू दे,
ही डावीकडं फार कापते.
पगाराचं पुन्हा नाव नाही.
मला हसू फुटलं, मग हसताहसता
पदर डोळ्यांना लावावा लागला.

पाचव्यांदा निघाले तेव्हा जुवैना म्हणाली, तवक्कली.
म्हणजे काय, मी विचारलं.
तिनं माझी आवळलेली बोटं एकेक करून सैल केली,
हात मात्र स्टिअरिंगवरच ठेवले.
आई म्हणायची, भाव ठेव.
तीही पोळपाटावर माझे हात असेच धरायची.

काल शुक्रवार होता.
हे शेजारी, पट्टा लावून, कान टवकारून.
गाडी रडतेय, तिसरा टाक.
टाकला.
सिग्नल हिरवा झाला का?
झाला.
मग अजून कुणाची वाट बघतेस?

कॅम्पचं फाटक आलं आणि मी घाबरून
वीस फूट पुढे जाऊन थांबले.
आता रिव्हर्स.
मागे सामसनमामा, त्याच इस्त्रीच्या शर्टात,
आणि त्यांच्या शेजारी कचऱ्याचा ड्रम,
निळा, गच्च भरलेला.
मामांनी एकदा ड्रमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि सरळ त्याच्या पुढे येऊन उभे राहिले,
दोन्ही हात हलवत:

ये.
ये गं.
अजून ये.