चंडकेतूची मिशी

राक्षसाची मिशी कानापर्यंत जाते,
हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.
त्या वर्षी निवतीच्या जत्रेत
विश्राम आरोलकर चंडकेतू होऊन आला
तो नाकाखाली काजळाचा एक ठिपका ओढून.
बोटभर. बस्स.
पायपेटीवर माझा बाप, त्याचाही पाय क्षणभर अडला.
मग मागे चटईवर कुणीतरी फिसकलं
आणि देवळाचं आख्खं आवार हसत सुटलं.

समोर राजा धूम्रसेन, म्हणजे जिवा मेस्त,
पोटाला उशी बांधून, दातांत चिरूट धरून.
चिरूट कसला,
भेंडीच्या काटकीला गुंडाळलेलं केळीचं सोपट.
बोलताना दोन बोटं वर करायचा
आणि कोठाराच्या किल्ल्या कमरेला वाजवत सांगायचा,
"प्रजाहो, विजय जवळ आहे. भात जरा लांब आहे."

रंगूनचा तांदूळ बंद होऊन वर्ष होत आलेलं.
यावर हसले, पण तोंड मिटून.

खुर्चीवर एकटा वेंगुर्ल्याचा फौजदार.
राक्षसाला मांडी थोपटून हसला होता,
राजाला हसावं की नाही, त्याला ठरवता येईना.
खेळ संपल्यावर रंगपटात आला.
"कागद काढ. कोण लिहितो हे?"
"कागद नाय, सायबानू," विश्राम म्हणाला,
"आमचा नाटक तोंडातल्या तोंडात.
पुराणातलो राक्षस तो."
"कुठल्या पुराणातला?"
"जा अजून संपाक नाय, त्या."

युद्ध आमच्याकडे असं व्हायचं:
दोघे गिरक्या घेणार, मृदंग चढणार,
लाकडी तलवारी तीनदा आपटणार,
राक्षस पडणार
आणि पडल्या-पडल्या मुकुट सावरणार.
सैन्य नसतंच.
सैन्याला नाइट कुठून द्यायची?
"सेना मागे उभी आहे," एवढं म्हणायचं,
आणि मागे एक सोलापुरी चादर.

उजाडताना विहिरीवर
दोन्ही राजे एकमेकांच्या पाठीवर पाणी ओतत होते,
एकच विडी आळीपाळीने.
तिथे द्वारकी खोबरेकर आली, रिकामी कळशी घेऊन.
तिचा मुलगा बोटीवर कोळसा मारायचा.
बोटीची तार भाद्रपदात आली होती.
"चंडकेतू तू," ती म्हणाली, "धूम्रसेन ह्यो.
माज्या झिलाचा सोंग कोणी घेतलेला?"

विडी विझली. कुणी पेटवली नाही.

काजळ निघता निघेना,
खोबरेल चोळलं, राख चोळली.
तसाच, ओठावर डाग घेऊन,
ट्रंक डोक्यावर ठेवून विश्राम परुळ्याच्या वाटेला लागला.

परुळ्यातही लोक हसले, तेवढेच, तिथेच.
पण "सेना मागे उभी आहे" म्हटल्यावर
त्याने हात मागे नेला
आणि चादर बाजूला केली.

मागे उलटी ट्रंक, एक कंदील, काळोख.
बापाने पेटीवर बोटं ठेवली
आणि दाबली नाहीत.
विश्राम अंग चोरून कडेला सरकला,
अरुंद दारातून कुणी आत येत असलं
की सरकतो माणूस, तसा.
बराच वेळ सरकूनच उभा होता.