भाग क्रमांक एकशे त्रेचाळीस

मी शाळेत भूगोल शिकवते.
बडोद्याच्या नकाशात विश्वामित्री निळ्याने रंगवून घेते,
मगरींसह.
कागदीवाड नकाशात मावत नाही.
तो माझ्या पिशवीत असतो :
मतदार यादी, भाग क्रमांक एकशे त्रेचाळीस,
घर एक ते दोनशे बारा,
आणि मधोमध, यादीत नसलेलं,
दंगलीनंतर बसवलेलं लोखंडी फाटक.
रात्री आठला कुलूप.

सूफियान पिंजारा, एप्रिलमध्ये अठरा पूर्ण.
नमुना सहा पुढे केला
तर त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.
“बेन, नाव घातलं की घर सापडायला सोपं.
त्या रात्री त्यांच्याकडेही यादीच होती.
टॉर्च मारून नंबर वाचत होते.
अब्बांचं पूर्ण नाव
एकही चूक न करता वाचलं त्यांनी.
शाळेत कधी कुणाला जमलं नव्हतं.”

मी पेनाचं टोपण घातलं, काढलं, घातलं.
त्या आठवड्यात आमच्या खिडकीची कडी
मीच लावली होती, आतून, आवाज न करता.
हे त्याला ठाऊक नव्हतं.
की होतं.

तरी रविवारी संध्याकाळी सहाला तो आला.
सातवी ब च्या बुटक्या बाकांवर
गुडघे पोटाशी घेऊन एकवीस जण,
फाटकाच्या दोन्ही अंगांचे.
विषय एकच, नगरसेवकाला अर्ज द्यायचा :
कुलूप आठला, की दहाला?
मी म्हटलं, आधी उद्देशिका वाचू.
हेत्वी कहार म्हणाली, आधी पंखा लावा.
शिंगाड्याच्या टोपल्या उचलून तिचे खांदे रुंद झालेत.
तिचा भाऊ अजून तारखेला कोर्टात जातो,
आरोपी म्हणून.

कुणी म्हणालं, क्लास नऊला सुटतो, मग पाऊण तासाचा फेरा.
कुणी म्हणालं, बहिणीला कळा सुरू झाल्या
तेव्हा किल्लीवाला गावाला गेलेला.
मग मागच्या बाकावरून :
“उघडं ठेवलं, आणि ते पुन्हा आले तर?”
ते म्हणजे कोण, कुणीच विचारलं नाही.
दोन्ही अंगांना तोच शब्द चालत होता.
पंखा खडखडत राहिला.

मी म्हटलं, हात वर करा.
तुषार शिर्के उठून उभा राहिला :
“हात नको, बेन.
हात कुणाचे ते दिसतं.”
वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या,
सेव-उसळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.
तर्रीचा डाग प्रत्येक चिठ्ठीला लागला,
मत कुठलंही असो.

दहाला : नऊ.
आठला : अकरा.
एक कोरी.

सूफियान म्हणाला, परत मोजा.
परत मोजल्या.
तेवढ्याच.
तो बराच वेळ डब्याकडे बघत होता.
मला वाटलं, आता उठेल, दार आपटेल,
आणि मी त्याला अडवायचं तरी कुठल्या तोंडाने?
“चालशे,” तो म्हणाला
आणि बाक उचलायला वाकला.
सोमवारी सातवी ब भरायची होती.
दुसरं टोक हेत्वीने धरलं.
तिची चिठ्ठी कुठली, त्याने विचारलं नाही.
हे मी शिकवलेलं नाही.

खाली व्हरांड्यात त्याने फॉर्म मागितला.
घर क्रमांक एकशे सत्तावीस,
सावकाश, ठसठशीत अक्षरात,
जणू अंधारातूनही वाचता यावा.
फोटोला डिंक लावला. पावती मागून घेतली,
घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली.

आठ वाजून गेले होते. फाटक बंद.
आम्ही लांबच्या रस्त्याने निघालो,
तो घरी जायला,
मला तिकडे काही काम नव्हतं.
यादीची पिशवी मी दुसऱ्या खांद्यावर घेतली,
त्याच्या बाजूला नको.

“दोनच मतं, बेन,” वळणावर तो म्हणाला.
“पुढच्या रविवारी शाळा उघडी असते ना?”