एक भारा मुळ्या

नोंद साडेचार ओळींची.
मोडी, घाईची, शेवटच्या अक्षरात शाई संपलेली.
कोरेगावचा बाजार. हैबती बिरू धनगर, वय अदमासे पन्नास.
जरंड्याच्या सरकारी रानातून शतावरीच्या मुळ्या,
भारा एक, किंमत दोन आणे.
टिकटीला बांधून फटके तीस.

कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
ते डोंगराच्या पायथ्याला अजून सांगतात:
सून बाळंत झालेली, अंगावर दूध नाही,
पोर रडून रडून आता रडायचंही थांबलेलं.

मी दप्तरखान्यात बत्तीस वर्षं काढली.
धुळीत न शिंकता बसता येतं मला,
आणि मान खाली घालून घालून
पाठीचा पार खुळखुळा झालाय.

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं
की जरंडा मूळचा इथला नव्हे.
मारुती द्रोणागिरी घेऊन निघाला,
वाटेत एक ढेकूळ निसटलं, ते साताऱ्याच्या अलीकडं पडलं.
म्हणून तर त्याच्यावर नाही नाही ते उगवतं.
आता बघा,
त्यानं अख्खा डोंगर उपटला,
पास नाही, पावती नाही, रखवालदाराला विचारणं नाही,
त्याला शेंदूर, तेल, रुईची माळ.
ह्यानं त्या ढेकळातनं
बोटाएवढ्या मुळ्या काढल्या.

बाजार भरल्यावरच मारायचं, असा हुकूम.
मिरच्यांचे ढीग. तागड्या हवेत थांबलेल्या.
टिकटी ऐनाच्या लाकडाची,
तेही जरंड्यावरचंच,
पण त्याला परवानगी होती.

गोष्टीतला हैबती हूं की चूं करत नाही.
दर फटक्याला एका झाडपाल्याचं नाव घेतो,
शतावरी, मुरुडशेंग, भुईकोहळा, दिंडा,
फटके संपतात, नावं संपत नाहीत.
आणि रात्रीतून टिकटीला पालवी फुटते,
सकाळी शेरडं खाऊन जातात.

नोंदीतला हैबती
‘फार ओरडला. एकविसाव्यास बेशुद्ध.
बाकी नऊ पुढील बाजारी.’

त्याच्याखाली, दुसऱ्या हातची एक ओळ:
टिकटी दुरुस्ती, सुतारास चार आणे.
काय मोडलं होतं, की काय छाटलं,
ते सुताराला ठाऊक.
नऊ फटक्यांची नोंद मला सापडलेली नाही.
शोधली. तीन पावसाळे शोधली.

परवा पाठ धरत धरत डोंगर चढलो.
अर्ध्यात एक बाई सरबत विकत होती.
तिनं तीच गोष्ट सांगितली, पालवीसकट.
मी म्हणालो, कागदात आहे, तो ओरडला.
तिनं लिंबू पिळलं, बी काढून टाकलं.
‘वरडणारच की.
पाठ व्हती, डोंगूर न्हवता.’

आणि पोराचं काय झालं, विचारलं.
‘कागदात न्हाय व्हय?’
नाही.
तिनं सुटे पैसे मोजून घेतले.

उतरताना वनखात्याची पाटी लागली.
खांबाला धरून शतावरीचा वेल वर आलेला,
‘सक्त मनाई’तल्या ‘म’पर्यंत.