मागे माणूस आहे

हंगेरियनमध्ये मला चार शब्द येतात.
एक डॉक्टरसाठी, एक पावासाठी,
एक शिवी,
आणि चौथा, पाठीशी बचावपटू आला की ओरडायचा :
मागे माणूस आहे.

हा चौथा मी सहा देशांत शिकलो.
पुढचं व्याकरण शिकायला
करार कधी पुरलाच नाही.

आमच्या फ्राय बेन्तोसला नदीकाठी मांसाचा कारखाना होता.
डबे जहाजात चढायचे, जगभर जायचे.
बाबा म्हणत, या गावातून बाहेर पडतं
ते डब्यातूनच.
कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षांनी मी जन्मलो.
सतराव्या वर्षी मीही निघालो, सीलबंद,
बुडाशी तारीख छापलेली :
स्ट्रायकर. तिशीच्या आत वापरा.

बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
माझं पायात होतं,
साडेनऊ नंबरचं, डाव्या टाचेला शिवलेलं.

आम्बातोला श्वास पुरेना.
गाव इतकं उंच, की वर गेलेला चेंडू
खाली यायचं विसरायचा.
मोसमभरात तीन गोल. तिन्ही डोक्याने,
तिन्ही भिजलेल्या डोक्याने.
मग ग्वातेमालात अध्यक्षांनी पगाराऐवजी
कॉफीची पोती दिली.
एक रिकामं पोतं अजून आईच्या दारात आहे,
ती त्याला पाय पुसते.

व्होलोसला मात्र समुद्र होता, आणि इनेस होती,
आणि एका रविवारी अर्ध्या तासात तीन गोल.
अख्ख्या स्टँडने माझं नाव गायलं, चुकीचं.
आरिगोनीचं आरिगातो की काय.
मी दुरुस्त केलं नाही.
कुणी सांगावं, गोल त्या दुसऱ्यानेच केले असतील.

मुलगी तिथेच झाली.
बोलायला शिकली ती फोनवर,
कारण तोवर मी कारागांडात होतो,
उणे बावीस,
आणि प्लास्टिकचं गवत, पडलं की त्या थंडीतही भाजायचं.
गोलकीपर येर्मुखानने घरी नेऊन घोड्याचं मटण वाढलं.
विचारलं, तुझ्या घरी कोण कोण?
शब्द नव्हते. बोटांनी दाखवलं :
एक बाई, एक एवढीशी पोर,
आणि हात पसरून,
मधे विमान.
तो हसला नाही. आणखी वाढलं.

आता सेगेदचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार.
शेवटची मॅच, शेवटचं मिनिट,
जिंकलो तर वरच्या विभागात राहणार.
गोलकीपर आडवा, जाळं रिकामं, दोन पावलांचं अंतर.
मी वर मारला.

माझे गोल एकशे एकतीस.
विचारा कुणालाही, एखादा सांगेल?
हा न झालेला मात्र सगळ्यांकडे आहे,
फोनमध्ये, हळू गतीत,
खाली कुणीतरी वाजवलेल्या बेसूर ट्रंपेटसकट.

त्या रात्री मैदान राखणारा म्हातारा बोल्दिझार
मला बॅटरी घेऊन तिथे घेऊन गेला.
वाकून दाखवलं : हा बघ उंचवटा.
अंगठ्याएवढा. चेंडू इथेच उडाला.
जमीन सपाट होती.
तो खोटं बोलत होता, मायेने.
तेवढं समजायला चार शब्द पुरतात.

आता कारखान्यात संग्रहालय आहे.
मी तिथे तिकिटं फाडतो,
शाळेच्या पोरांना बाबांचं मशीन दाखवतो
आणि ते बाबांचं होतं हे सांगत नाही.
शनिवारी मागच्या पटांगणात शिकवतो.
इनेस दुसऱ्या गावी असते.
मुलगी मेसेज करते, तिच्या ग्रीक मैत्रिणींसारखी
शेवटी एक टिंब जास्त टाकून.

पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो :
चेंडू पायाशी यायच्या आधी
खांद्यावरून एकदा मागे बघा.
मिल्का नावाची एक आगाऊ पोरगी आहे, नऊ नंबर मागते.
काल म्हणाली, तुम्ही बघायचात?
काय दिसायचं?

मी बूटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.
मग शिट्टी वाजवली.