सहावी काच

क्रोमार्टीत एकही चौकट काटकोनात नाही.
वर एक माप, मध्ये दुसरं, खाली तिसरं,
मग दोन्ही कर्ण. मग पेन्सिल कानावर खोचून
थोडा वेळ गप्प राहायचं.
दोनशे वर्षांत घर आपल्या सोयीनं बसतं,
एका कुशीवर कललेलं,
आणि त्याला सरळ बस म्हणणारे आपण कोण.

इशबेल मॅकेसॅकबाईंकडे सहा खिडक्या.
कौन्सिलचं पत्र चहाच्या डब्याखाली:
मूळ लाकूड, मूळ काच, बदल करू नये.
"मला मात्र गारठ्यानं खुशाल बदलावं," बाई म्हणाल्या,
"मी कुठल्या यादीत नाही."

म्हणून मी आतून दुसरी काच लावतो.
जुनीला धक्का नाही. बारीक चौकट,
कडेनं लोहचुंबकाची पट्टी,
आणि दोन काचांमध्ये चार बोटं हवा.
खरं काम ती हवा करते,
काहीच न करता, जागच्या जागी राहून.
बिल मात्र मी पाठवतो.

जुन्या काचेतून पाहिलं
तर खाडीत नांगरलेला तेलाचा फलाट गुडघ्यात वाकतो.
डोकं जरा हलवा, उभा राहतो. पुन्हा वाकतो.
माझ्या काचेत असलं काही होत नाही.
कारखान्यातून येते, निर्विकार.

कामाआधी फटी साफ कराव्या लागतात.
फटींत घड्या निघाल्या.
फेरीचं वेळापत्रक, एका बंद झालेल्या वर्षाचं.
बियाण्याची पावती.
पेपरमिंटचा चपटा केलेला डबा.
अर्धं सुटलेलं शब्दकोडं, निळ्या शाईत.
"इवँडर," बाई म्हणाल्या. एवढंच.
मग बऱ्याच वेळानं,
"ईशान्येचा वारा सुटला की खिडकी दात वाजवायची.
तो अंधारातच उठायचा,
हाताला लागेल त्याची घडी करायचा,
खुपसायचा, आणि बर्फासारखे पाय घेऊन
परत यायचा. माझ्याकडे."
चष्मा शोधून त्यांनी कोडं पाहिलं.
सात आडवं. पाच अक्षरं.
त्यांनाही सुटलं नाही.

पहिली काच बसली, समुद्रपक्षी गेले.
दुसरीनं धक्क्यावरच्या शिडांचे दोर मिटवले.
तिसरी-चौथीत शाळा सुटली, पण मुलं आली नाहीत.
पाचवी दाबून बसवली तेव्हा
जिन्यातलं घड्याळ ऐकू आलं.
बाई दचकल्या. "हे चालू होतं?"

सहावी, निजायच्या खोलीतली.
मी काच खांद्यावर घेऊन दारात उभा,
आणि बाई पलंगापाशी, चादरीची सुरकुती काढत,
जी तिथं नव्हती.
"ही राहू दे."
मी समजावलं. निम्मी ऊब इथूनच जाईल,
पाच खिडक्यांचा खर्च या एका भोकातून वाहील.
आकडे सांगितले. आकडे बरोबर होते.
"जाऊ दे थोडी," त्या म्हणाल्या.
"वाजली तर कुणीतरी उठायला हवं.
आता मीच उठेन.
पण वाजलीच नाही, तर
रात्रभर मी कशासाठी जागी आहे
ते मला कळायचं नाही."

घड्या त्यांनी माझ्या हातून मोजून घेतल्या.
शब्दकोडं परत फटीत खोचलं,
रिकाम्या रकान्यांची बाजू आत.

पैसे सहाचेच दिले. मी पाचचे घेतले,
त्यावर दारात चांगलीच वादावादी झाली,
शेवटी अंड्यांवर मिटलं.

ती काच माझ्या शेडमध्ये आहे,
भिंतीला टेकून, पोत्यानं झाकलेली.
बायको म्हणते, ग्रीनहाऊसला लाव.
मापून पाहिलं. वर तीन मिलिमीटर कमी,
डावीकडे नखभर तिरकी.
जगातल्या दुसऱ्या कुठल्याच खिडकीला
ती बसणार नाही.
वारा ईशान्येचा असला
की शेडचं दार लावायला जातो तेव्हा
पोतं जरा नीट करतो,
एवढंच.